मारहाणीची तक्रार: 'एनसी' कधी, एफआयआर कधी आणि आरोपीचा बचाव काय? खैरलांजीतून काय कळतं?

खैरलांजी म्हटलं की 29 सप्टेंबर 2006 ही तारीख आठवते. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या या गावात जमावाने भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या केली. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

पण या हत्याकांडाआधी मारहाणीचा एक साधा वाटणारा गुन्हा घडला होता, हे अनेकांच्या लक्षात नसतं. 3 सप्टेंबर 2006 रोजी कुटुंबाच्या जवळचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. मारणारे कोण होते, याचा जबाब सुरेखा आणि त्यांच्या मुलीने पोलिसांना दिला. आरोपींना अटक झाली आणि ते जामिनावर सुटले. त्यानंतर जे घडलं ते या साक्षीचा सूड होता, असा निष्कर्ष पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने काढला.

म्हणूनच मारहाणीचा गुन्हा नेमका काय असतो, आरोपी कोणता बचाव घेऊ शकतो आणि साक्षीदाराला कायदा काय देतो, हे समजून घ्यायला हवं.

'हमला' आणि 'दुखापत' वेगळे का?

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात.

कायद्यात 'हमला' म्हणजे प्रत्यक्ष मार नव्हे. समोरच्याला 'हा आता मारणार' असं वाटावं अशी कृती केली, तरी तो हमला ठरतो. काठी उगारून अंगावर धावणं हे त्याचं सोपं उदाहरण. नुसते शब्द मात्र हमला ठरत नाहीत. (कलम 130)

प्रत्यक्ष मार लागला की प्रश्न येतो तो किती आणि कशाने लागला याचा:

- साधी दुखापत, कलम 115(2): 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनं कलम 323.
- जबर दुखापत, कलम 117(2): 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुनं कलम 325.
- हत्याराने साधी दुखापत, कलम 118(1): 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनं कलम 324.
- हत्याराने जबर दुखापत, कलम 118(2): किमान 1 वर्ष ते 10 वर्षं कैद किंवा जन्मठेप. जुनं कलम 326.

हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं या जबर दुखापती आहेत. वेदनेमुळे 15 दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती जबर दुखापत ठरते. जुन्या कायद्यात ही मुदत 20 दिवसांची होती.

म्हणजे धुऱ्यावरून भांडण झालं, हातावर फटका बसला आणि एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं, तर कलमच बदलतं. म्हणून मार लागल्यावर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घेणं महत्त्वाचं. ती नोंद पुढे दोन्ही बाजूंना लागते.

पोलीस 'एनसी'वर का थांबतात?

साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्याची नोंद घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. गावात 'नुसती एनसी झाली' म्हणतात ती हीच.

जबर दुखापत किंवा हत्याराचा वापर असेल तर गुन्हा दखलपात्र होतो आणि एफआयआर नोंदवावाच लागतो. त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आरोपी कोणता बचाव घेऊ शकतो?

*स्वसंरक्षण.* सगळ्यात जास्त घेतला जाणारा बचाव. कलम 34 ते 44 हा हक्क देतात. पण त्याला मर्यादा आहेत: धोका खरोखर समोर असायला हवा, पोलिसांकडे जायला वेळ नसावा आणि प्रतिकार गरजेपुरताच असावा. हल्लेखोर पळून जात असताना पाठलाग करून मारलं, तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र त्याला सरकारी पक्षाइतका पक्का पुरावा द्यावा लागत नाही. त्याचं म्हणणं संभवनीय आहे, इतकं दिसलं तरी पुरतं.

*गंभीर आणि अचानक चिथावणी.* यातून पूर्ण सुटका होत नाही, शिक्षा कमी होते. 'अचानक' हा शब्द इथे कळीचा आहे. मुंबईतल्या गाजलेल्या नानावटी खटल्यात हाच मुद्दा होता. तो खुनाचा खटला होता. राग आल्यापासून गोळी झाडेपर्यंत मध्ये सावरायला पुरेसा वेळ गेला होता, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हा बचाव नाकारला.

*'मी तिथे नव्हतोच.'* घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हे आरोपीने दाखवायचं असतं.

*'मी नुसता उभा होतो.'* पाच किंवा जास्त जण समान बेकायदेशीर हेतूने जमले, तर जमावातला प्रत्येक जण जबाबदार ठरू शकतो. पण बघा आणि जमावाचा सदस्य यांत फरक आहे आणि तो पुराव्यावर ठरतो. खैरलांजी खटल्यात 11 आरोपी होते. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने 15 सप्टेंबर 2008 रोजी त्यातल्या 8 जणांना दोषी ठरवलं आणि तिघांना निर्दोष सोडलं.

*'दारूच्या नशेत होतो.'* स्वतःहून प्यायलेली दारू हा बचाव होत नाही. नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तरच विचार होतो.

हेतू सिद्ध झाला नाही तर?

बचाव पक्षाला गुन्हाच नाकारावा लागतो असं नाही. गुन्हा घडला, पण त्यामागचा हेतू तो नव्हता, असंही म्हणता येतं. खैरलांजीत हाच प्रश्न सर्वाधिक वादाचा ठरला.

विशेष न्यायालयाने खुनासाठी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं सिद्ध झाली नाहीत असं म्हटलं. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 25 वर्षांची कैद दिली. कारण सूडाचं होतं, जातीचं नव्हे, हे उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. दलित संघटनांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. साक्ष देणारं कुटुंब दलित नसतं, तर गावाने असा सूड उगवला असता का, हा त्यांचा सवाल होता.

पुढे कायदा बदलला. अॅट्रॉसिटी कायद्यातली दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना केलेली मारहाणही या कायद्याखाली येऊ शकते. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला आधी कळवणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं बंधनकारक झालं. न्याय संहितेतही जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी केलेल्या खुनाला आणि जबर दुखापतीला वेगळी कलमं आहेत.

साक्षीदाराचं काय?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे करायचा असतो आणि पोलीस धोक्याचा अहवाल देतात. साक्षीदाराला धमकावणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अडचण इथे आहे. 2018 च्या या योजनेत फाशी, जन्मठेप किंवा 7 वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे, तसंच महिलांविरुद्धचे काही गुन्हे येतात. साधी दुखापत किंवा कलम 118(1) या चौकटीबाहेर राहतं. म्हणजे गुन्हा कागदावर जितका लहान, तितकं साक्षीदाराला संरक्षण कमी. पण गावात धोका कलम बघून येत नाही. आरोपी आणि साक्षीदार एकाच गल्लीत राहतात, एकाच पांदणीने शेतावर जातात.

जामीन हा आरोपीचा हक्क आहे आणि तो राहायलाच हवा. त्याचबरोबर धमकी आली तर साक्षीदाराने ती तारखेसह लेखी कळवावी, पोच घ्यावी आणि सरकारी वकिलांमार्फत जामीन रद्द करण्याची मागणी करावी. ज्यांच्यापर्यंत हा कागद जातो, त्यांनी 'किरकोळ मारहाण' म्हणून तो बाजूला ठेवू नये. खैरलांजीत जबाबापासून हत्याकांडापर्यंतचं अंतर एक महिन्याहूनही कमी होतं.