गुंठा मिळाला, पत्ता कोठे?

शेतजमिनीचे निरुपयोगी तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. हेतू उत्तम होता. परंतु जेथे शेती मागे पडून घरे उभी राहिली, तेथेही तोच निर्बंध चालू राहिला आणि लोकांनी स्टँपकागदावर गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार करून त्यास वळसा घातला. पैसे दिले, घर बांधले, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी असंख्य कुटुंबांची स्थिती झाली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात निवासी विभागांत झालेले असे व्यवहार विनामूल्य नियमित करण्याचे सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यादेशाने ठरविले. याच कामासाठी २०१७ साली बाजारभावाचा चतुर्थांश मागितला जात होता. निर्णय उदार आहे, आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो.

तथापि सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे घर सापडते, असे नव्हे. अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा येथील नारळी-पोफळीच्या वाड्या पाहाव्यात. वाटणीत प्रत्येक भावाला रस्त्याकडे तोंड हवे, म्हणून वाडीचे उभे पट्टे पडतात. पुढच्या पिढीत मागचा भाग विकला जातो. २०२० साली मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली, २०२४ साली अटल सेतू झाला, आणि मुंबईचा ग्राहक दारात आला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. त्यातून मागच्या घरासाठी दहा फुटांची वाट सोडावयाची तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला! तो कोण सोडणार?

आणि क्रमांक? सर्व्हे नंबर, त्याखाली हिस्सा, त्याखाली पोटहिस्सा. आम्ही शाळेत अपूर्णांक शिकवीत असू, तेव्हा छेदाखाली छेद आला की मुले घाबरत. येथे तर मध्यरात्री १०८ च्या गाडीच्या चालकाने तो सोडवावयाचा असतो. हा क्रमांक जमिनीचा आहे, दाराचा नव्हे. पंचायतीचा घर क्रमांक करआकारणीसाठी. शेजारच्या दोन घरांचे आकडे शेजारचे असतीलच असे नाही. टपाल पोहोचते ते पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर, आणि तो निवृत्त होतो.

जपानात हाच घोळ होता. जमिनीचा क्रमांक हाच घराचा पत्ता, आणि जमिनीचे तुकडे पडत गेलेले. अखेर १९६२ साली त्यांनी कायदा करून शहरांत घराचा क्रमांक जमिनीच्या क्रमांकापासून वेगळा काढला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या ग्रामीण भागांतील पद्धत तर आपल्या वाड्यांना अधिक सोयीची आहे. रस्त्याच्या आरंभापासून घराच्या फाटकापर्यंतचे मीटर मोजावेत आणि दहाने भागावे. एका बाजूस विषम आकडे, दुसऱ्या बाजूस सम. साडेबाराशे मीटरवरचे घर सव्वाशेच्या आसपास. मध्ये उद्या नवा तुकडा पडला तरी त्याचा आकडा आधीच राखलेला असतो. अ, ब, क जोडण्याची पाळी क्वचितच येते.

यास मोठा खर्च नाही. मोजपट्टी व पत्र्याच्या पाट्या पुरतात. मात्र फेरफाराची नोंद करतानाच भूमि अभिलेख खात्याने नकाशावर वाट दाखवावी आणि ग्रामपंचायतीने त्याच दिवशी क्रमांक द्यावा, असा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी काढला पाहिजे. चिरेबंदी कुंपणे एकदा उभी राहिली, की मग दहा फूट मागे सरण्यास कोणी तयार होणार नाही. आणि चौल-रेवदंड्यास ती रोज उभी राहत आहेत.