कोंबडे झाकणारे

लॉस एंजेलिसची उपनगरे जानेवारी २०२५ मध्ये जळाली. अमेरिकेत अब्ज डॉलरहून अधिक नुकसान करणाऱ्या प्रत्येक आपत्तीची सरकारी यादी ठेवली जात असे, पण त्या यादीत ही आग कधीच दिसणार नाही. 'नोआ' या तिथल्या हवामान प्रशासनाने यादी २०२४ पाशीच बंद करून टाकली. जुनी पाने तेवढी राहतील म्हणे! कारण काय, तर बदललेले प्राधान्यक्रम आणि कर्मचारीवर्गातले बदल. कर्मचाऱ्यांना घरी कोणी पाठवले, हे वाचकांना सांगायला नको.

१९८० पासून या यादीत ४०३ आपत्ती आणि २.९ लाख कोटी डॉलरहून अधिक नुकसान नोंदले गेले. ऐंशीच्या दशकात वर्षाला सरासरी तीन, २०२३ मध्ये २८. किनाऱ्यांवर घरे वाढली म्हणून नुकसान वाढले, असा एक आक्षेप घेतात. तो अगदीच चूक नाही. पण तो तपासायचा तरी कशावरून? नोंदच बंद केली की आक्षेपही संपला आणि उत्तरही. याला कोंबडे झाकणे म्हणतात.

यातला खरा तोटा वेगळाच आहे. या यादीसाठी 'नोआ' विमा उद्योगाचे खासगी आकडेही मिळवत असे. ते कुठल्या प्राध्यापकाला सहजासहजी मिळत नाहीत. सरकार मध्ये होते म्हणून निदान बेरीज तरी जगाला फुकट पाहता येत होती.

आणि यात आपले काय गेले? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मान्सूनच्या अंदाजासाठी जे प्रारूप घडवले, त्याचे मूळ याच 'नोआ'च्या प्रारूपात आहे. 'नोआ'चे ते प्रारूप कुलपात असते तर आपण काय केले असते?

मात्र अमेरिकेला बोल लावताना आपले दप्तरही उघडावे. कृष्णा-गोदावरीच्या प्रवाहाचे आकडे संशोधकाला मिळतात. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांवर मात्र 'गोपनीय'चा शिक्का. गुप्ततेची हमी लिहून द्यायची, तेव्हा कुठे ते हाती येणार आणि वर छापता येणार नाहीत! ब्रह्मपुत्रेच्या माहितीचा चीनशी झालेला करार २०२३ मध्ये संपला, तेव्हापासून बीजिंगने आकडे द्यावेत म्हणून आपण तगादा लावून आहोत. त्याच नदीचे आपल्याकडचे आकडे गुवाहाटीतल्या संशोधकाला आधी खुले करा.