बदके तळ्यात सोडण्याआधी



ईस्टरच्या आधी मुलांच्या हट्टाखातर बाजारातून आणलेली बदकाची पिवळी पिल्ले आता आपल्यापैकी चार-पाच घरांत चांगली मोठी, पांढरीशुभ्र झाली आहेत. अंगणभर घाण, पहाटेपासून कलकल, शेजाऱ्यांची कुरबुर. गेल्या रविवारी मिस्सानंतर एकाने सुचवले, ‘तळ्यात सोडून द्या. देव आकाशातल्या पाखरांना पोसतो, यांनाही पोसेल.’

आम्हाला लगेच उत्तर देववले नाही. कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीच तीन बदके गावाबाहेरच्या तळ्यात सोडली होती. आठ दिवस छान गेले. लोक पावाचे तुकडे टाकत. मग एका सकाळी काठावर नुसती पिसे. कुत्र्यांनी नेली की कोल्ह्याने, कोण जाणे.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली पाखरे उडणारी आहेत. आपल्या तळ्यावर दिसणारे हळदी-कुंकू बदक तसेच आहे, चाहूल लागली की भुर्रकन उडते. हे पांढरे पेकिन बदकही मूळचे जंगली मॅलार्डच्याच वंशातले. पण मॅलार्ड साधारण किलोभर वजनाचे आणि हे साडेतीन किलोंच्या पुढे. एवढे अंग पंखांना उचलत नाही. मांसासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून ते असे केले. पांढरा रंग दुरूनही दिसतो, आणि मादी बहुधा अंडी उबवायलाही बसत नाही. (मस्कोव्ही जातीचे वेगळे आहे. ते उडू शकते, फ्लोरिडात मोकाट वाढलेही आहे.) शहरातल्या तळ्यांत सोडलेली काही बदके टिकतात हे खरे, पण ती लोकांच्या दाण्यावर. त्याला रानात जगणे कसे म्हणायचे?

आपण ज्याचे पंख निकामी केले त्याला देवाच्या हवाली करणे हा विश्वास नव्हे, आपली जबाबदारी झटकणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी करतो. ‘आपल्या’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. खरे सांगायचे तर बदक कापून जेवणात वाढणेही तळ्यात सोडण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

आपल्या पॅरिशमधल्या दोन शेतकरी कुटुंबांकडे कुंपण आणि रात्री बंद होणारे खुराडे आहे. त्यांनी बदके घेण्याचे कबूल केले आहे. ज्यांना द्यायची आहेत त्यांनी शनिवारपर्यंत आम्हाला सांगावे. एकेकटे देऊ नका, सोबतीशिवाय ते झुरते. आणि सोबत महिन्याभराचे दाणेही द्या.