‘डेव्हिएशन शून्य’ म्हणजे औषध निर्दोष नव्हे

औषध कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक बॅचमागे एक बॅच रेकॉर्ड असते. कच्चा माल किती तोलला, मिश्रण किती वेळ फिरवले, ड्रायरचे तापमान किती होते, सही कोणाची, हे सारे त्यात येते. ठरल्यापेक्षा वेगळे काही घडले की ‘डेव्हिएशन’ नोंदवले जाते. ही जाडजूड कागदपत्रे तपासण्याचे काम आता सॉफ्टवेअरकडे जात आहे. ते प्रत्येक नोंद मर्यादांशी ताडून पाहते आणि मर्यादेबाहेरचे तेवढेच क्वालिटी विभागापुढे ठेवते. वेळ वाचतो, मागाहून खाडाखोड करणे अवघड होते. पण मग सगळी भिस्त उरते ती त्या मर्यादांवर. त्या भरणे हे संगणक विभागाचे किरकोळ काम नाही. तो औषधाच्या गुणवत्तेचा निर्णय आहे आणि त्याखाली क्वालिटी प्रमुखाची सकारण सही हवी.

समजा, गोळ्यांसाठीच्या दाण्यांमधील ओलाव्याची मर्यादा 2 टक्के आहे आणि सलग पाच बॅचमध्ये तो 1.2, 1.4, 1.6, 1.8, 1.9 असा चढत गेला. मर्यादा एकदाही मोडली नाही, म्हणून सॉफ्टवेअर गप्प. ड्रायर मात्र बिघडत चालला आहे. उलट मर्यादा फारच आवळल्या तर दिवसभर इशारे वाजतात आणि माणसे न वाचता ते बंद करू लागतात. तिसरा धोका म्हणजे प्रत्येक डेव्हिएशन ‘मानवी चूक, प्रशिक्षण दिले’ असा शेरा मारून मिटवणे. पण अमेरिकी नियमांनुसार न उलगडलेल्या तफावतीची चौकशी संबंधित इतर बॅचपर्यंतही न्यावी लागते. म्हणून तेच यंत्र, तीच पायरी, तोच पुरवठादार यांच्या नोंदी आपोआप एकत्र येतील, अशीच सॉफ्टवेअरची मांडणी हवी.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जी तपासणी रेकॉर्डमध्ये मांडलेलीच नाही, तिचे डेव्हिएशन कधीच निघत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. तेच विष 2025 मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपमध्ये 48.6 टक्के आढळले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. या घटनांचा दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. पण ग्लिसरीनसारख्या द्रावकाच्या प्रत्येक पिंपाची या विषासाठी तपासणी झाल्याशिवाय पुढची पायरी उघडणारच नाही, अशी अट ज्या प्रणालीत नाही, ती अशा बॅचलाही ‘डेव्हिएशन शून्य’ म्हणू शकते.

लहान उद्योजक म्हणतील, हा खर्च झेपणारा नाही. औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीच्या सुधारित शेड्यूल एम नियमांची पूर्तता करताना त्यांची दमछाक होते, हे खरेच. पण इथे महागडे सॉफ्टवेअर मागितलेले नाही. मर्यादा कोणी, कशाच्या आधारे ठरवली आणि कधी बदलली, हे साध्या नोंदवहीतही लिहिता येते. अनुभवी माणसाची नजर पुरेशी आहे, हा दुसरा आक्षेप. तीच नजर मर्यादा ठरवताना वापरा, एवढेच म्हणणे आहे. एकेका बॅचचे रेकॉर्ड स्वतंत्रपणे चाळणाऱ्याला पाच बॅचमधला चढ सहसा दिसत नाही. औषध निरीक्षकांनीही केवळ भरलेली रेकॉर्ड पाहून परतू नये. मर्यादांची यादी, त्यामागची कारणे आणि बदलांचा इतिहास मागावा. तो दाखवता येत नसेल, तर त्या कारखान्याच्या ‘शून्य’ डेव्हिएशनवर विश्वास ठेवू नये.