आधी रीळ उघडा, मग पाकीट!

गळ टाकून तासन् तास पाण्याकडे बघत बसणारी मंडळी आपल्या नाशकातही कमी नाहीत. त्यातल्या अनेकांच्या घरी माळ्यावर काकांचं किंवा आजोबांचं एखादं जुनं रीळ पडलेलं असतं. हँडल फिरवलं की ते करकरतं. त्याच वेळी मोबाइलवर सेल सुरू असतो आणि त्यात चकाचक नवं रीळ ‘फक्त आज’ स्वस्त असतं. मग प्रश्न पडतोच, जुन्यावर खर्च करायचा की सरळ नवं घ्यायचं?

आमचं मत स्पष्ट आहे. रीळ उघडून बघितल्याशिवाय हा निर्णय घेऊच नका.

जाहिराती बहुतेक वेळा समुद्राची भाषा बोलतात. खारं पाणी आत शिरू नये म्हणून सील, गंज चढू नये म्हणून खास कोटिंग, मोठ्या माशासाठी पंधरा किलोचा ड्रॅग. आपला समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांचं पाणी गोडं, आणि गळाला लागणार रोहू, कटला, मृगळ. इथे रिळाचे खरे शत्रू म्हणजे काठावरची धूळ, गाळ आणि वर्षानुवर्षं आत वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस. त्यामुळे ‘खराब झालंय’ म्हणून बाजूला टाकलेलं रीळ अनेकदा फक्त मळलेलं असतं.

म्हणून सुरुवात साफसफाईपासून करा. एकेक स्क्रू काढताना मोबाइलवर फोटो काढत जा, नाहीतर जोडताना रडायची वेळ येईल. जुनं ग्रीस पुसा. दातऱ्यांना नवं ग्रीस आणि बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, तो लवकर उडून जातो.

मग दोरा बदला. उन्हानं जुना नायलॉन ठिसूळ होतो, आणि मासा सुटला की दोष मात्र रिळाला मिळतो. वेणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, भरणार असाल तर खाली थोडा साधा नायलॉन गुंडाळा. नाहीतर ब्रेड स्पूलवर नुसताच घसरतो.

तिसरा नंबर ड्रॅगचा. मासा जोरात पळाला की दोरा तुटण्याआधी थोडा थोडा सुटू देणारा हा ब्रेक. जुन्या रिळात फेल्टच्या चकत्या असतात आणि त्या दबून कडक होतात. त्यांच्या जागी कार्बन फायबरच्या चकत्या बसवल्या की दोरा झटके न देता सुटतो. जुन्या रिळाला द्यावं असं अपग्रेड कुठलं, तर हेच. ड्रॅग लावायचा किती? दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. चार किलोचा दोरा असेल तर सव्वा किलोच्या आसपास. फिजिक्सच्या लॅबमधला ताणकाटा इथे कामाला येतो!

बेअरिंगचा नंबर शेवटी. ‘१०+१ बेअरिंग’ या आकड्याला भुलू नका. स्वस्तातली दहा असण्यापेक्षा चांगली तीन-चार केव्हाही बरी. शिवाय ती ठरावीक मापांत मिळतात. आतला व्यास ७, बाहेरचा १४ आणि रुंदी ५ मिलिमीटर असेल, तर दुकानात ६८७ नंबरचं बेअरिंग मागा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात बेअरिंग शोधणं किंवा लेथवर एखादी बुश करून घेणं अवघड नाही.

मग नवं कधी घ्यायचं? मुख्य दातऱ्याचे दात झिजले असतील, बॉडीला तडा गेला असेल किंवा हँडल ओढल्यावर बॉडीच वाकत असेल, तर भावनेत अडकू नका. पार्ट कुठेच मिळत नसतील आणि जमवाजमवीचा खर्च चांगल्या नव्या रिळाच्या जवळ जात असेल, तरीही नवंच घ्या. मात्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा, ‘याचे सुटे पार्ट मिळतात का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर ते रीळ आजच जुनं झालं असं समजा.

हा प्रश्न एकट्या रिळाचा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. त्यात भर आहे तो शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनांवर. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून काय उपयोग, स्क्रू फिरवणारा हातच नसेल तर? शिमानो ही जपानी कंपनी १९२१ मध्ये सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरू झाली आणि १९७० मध्ये मासेमारीच्या रिळांकडे वळली. फ्रीव्हील एकाच दिशेनं जोर घेतं, आणि रिळाचं हँडल उलटं फिरू न देणारी युक्तीही त्याच जातीची. मेकॅनिकलच्या पोरांनो, पुस्तकातलं रॅचेट तळहातावर बघायला यापेक्षा स्वस्त वस्तू मिळणार नाही.

शेवटी पाण्याबद्दल. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारूनच गळ टाका, त्यांचं पोट त्यावर आहे. पावसाळा हा या माशांच्या विणीचा काळ, तेव्हा काठी घरीच राहू द्या. काढलेला जुना दोरा काठावर टाकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, आणि याच गोदावरीवर खाली नांदूर मधमेश्वर आहे, रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. दोऱ्याचे बारीक तुकडे करून ते घरच्या कचऱ्यात टाका.

येत्या रविवारी सेलचं पान बंद करा आणि माळ्यावरचं रीळ खाली काढा. एक स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश आणि दोन तास एवढंच लागेल. आतले दात शाबूत निघाले, तर वाचलेल्या पैशांत चांगला दोरा येईल.