गाडी मागे घेताना



माझी भाची खामगावला राहते. गेल्या पावसाळ्यात ती चारचाकीच्या परवान्याची चाचणी द्यायला गेली. आठचा आकडा नीट काढला; पण खांबांच्या मधल्या जागेत गाडी मागे घ्यायची वेळ आली आणि मागचा खांब आडवा झाला. बघणारी पोरं हसली. घरी येऊन म्हणाली, "मामा, मले नाही जमत हे."

तिची आई जिनिंगमध्ये रोजाने जाते. क्लासची फी भिशीतून भरली होती. ही हौस नव्हे, भाकरीचा प्रश्न आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपेक्षा कमी भरवजनाचे भाड्याचे वाहनही चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

मी तिला म्हटले, नापास झालीस तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच ती सोय आहे. मग रविवारी मोकळ्या मैदानात चार रिकामे पिपे मांडले.

रीत सोपी आहे. जागा ओलांडून गाडी पुढे न्या. पिप्यांपासून चार-पाच फूट अंतर ठेवा. गाडीची मागची बाजू जिकडे न्यायची, तिकडेच स्टेअरिंग फिरवा. त्याच वेळी गाडीचे तोंड उलट्या बाजूला बाहेर फिरते, तिकडेही लक्ष हवे. अर्धा क्लच, मुंगीची चाल. दोन्ही आरशांत सारखी जागा दिसली की चाके सरळ करा. गाडी वाकडी बसली तर पुढे घ्या, पुन्हा मागे या. एका दमात लावणारा तेवढा उस्ताद, हे कोणी ठरवले?

आणखी एक. गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. आपल्या वस्तीत गल्ल्या अरुंद, लेकरे गाडीमागेच खेळतात. बंपरजवळ बसलेले मूल आरशात दिसत नाही. कोणी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणाले तरी जबाबदारी स्टेअरिंग धरणाऱ्याचीच. शंका आली की थांबा, उतरा, बघा. त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या चाचणीत भाची मध्येच थांबली, मान वळवून मागे पाहिले, मग सावकाश गाडी आत घेतली. खांब उभेच राहिले. या वेळी कोणी हसले नाही. साहेबांनी कागदावर सही केली.