तासाचा हिशेब, नगाचा दर

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही गल्लीत जा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन व्हीएमसी मशिनं आणि एक म्हातारा लेथ घेऊन जॉबवर्क करणाऱ्या माणसाला विचारा, तुमच्या मशिनचा तास कितीला पडतो? आकडा त्याला तोंडपाठ असतो. मशिनची किंमत, बँकेचा हप्ता, घसारा, वीज, ऑपरेटरचा पगार, टूलिंग, शेडचं भाडं, सगळ्याची बेरीज करायची आणि महिन्यात मशिन प्रत्यक्षात जितके तास चालतं त्याने भागायचं. याला तिकडे ‘मशिन अवर रेट’ म्हणतात. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची वस्ती वाढली आणि दोन पिढ्या या हिशेबावर पोसल्या. इथं लोक नगामागे चाळीस पैशांसाठी अर्धा दिवस वाद घालतात, आणि तो वाद अगदी योग्य असतो.

आता याच माणसाला कंपनीची वेबसाइट करून घ्यायची आहे असं समजा.

अशा एका बोलणीला मी नुकताच बसलो होतो. समोर सिडकोतला, घरूनच काम करणारा तरुण. इंजिनिअरिंग झालेलं, चार वर्षं पुण्यात नोकरी, मग परत गावाकडे. शेडमालकांनी विचारलं, “दादा, फायनल किती?” तो म्हणाला, “पंधरा हजार, साहेब.” साहेब म्हणाले, “कॅनॉटला एक जण पाच हजारांत देतो म्हणतो, डोमेन-होस्टिंग धरून.” पोरगा गडबडला. “ठीक आहे, दहा करू.” दोन वाक्यांत पाच हजार गेले. बाहेर पडल्यावर मी विचारलं, पंधरा कुठून काढले होते? म्हणाला, मागच्या पार्टीकडून बारा घेतले होते. आणि बारा? त्याच्या आधी दहा घेतले होते.

स्वतःच्या भावाचा पाया असा मागच्या पार्टीवर असेल, तर समोरच्याने जरा जोर लावला की तो हलणारच. शेडमालक मात्र स्वतःच्या धंद्यात कधी असा हलत नाही. अमुक दराखाली काम घेतलं की मशिन बंद ठेवलेलं परवडतं, हे त्याला माहीत असतं. पोराला आपली ती रेषाच ठाऊक नव्हती. ती काढायला शेडमालकाचीच रीत वापरू. फक्त मशिनच्या जागी माणूस.

समजा, घर चालवायला महिन्याला ४० हजार लागतात, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. ८० हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला २०,०००. नेट, फोन, वीज, इन्व्हर्टर ३६,०००. सॉफ्टवेअरची वर्गणी २४,०००. आरोग्य विमा २०,०००, कारण कंपनीचं कार्ड आता खिशात नाही. सीएची फी १०,०००. बुडणाऱ्या पैशांसाठी ३०,०००. आणि म्हातारपणासाठी एक लाख, कारण पीएफही कुणी भरत नाही. बेरीज ७,२०,०००. यात चैन कुठेही नाही.

आता भागाकार. सुट्ट्या, सणवार, आजारपण आणि गावाकडची लग्नं वगळून वर्षाचे २५० दिवस, आठ तासांप्रमाणे दोन हजार तास. बहुतेक जण इथंच फसतात. ७,२०,००० भागिले २,००० करून ३६० रुपये तास धरतात आणि खूश होतात. पण दोन हजार तास विकले जातातच कुठे? पार्टीला भेटायला शेंद्र्यापर्यंत जाणं, कोटेशन लिहिणं, “डेमो दाखवा, मग बघू” म्हणणाऱ्याला डेमो दाखवणं, पैशांसाठी फोन करणं, नवीन काही शिकणं, यात निम्मे तास जातात. शेडमालक चोवीस तासांनी भागत नाही. सेटिंगचा वेळ, वीज गेलेली, ऑपरेटर आला नाही, हे सगळं तो आधी वजा करतो. आपणही हजार तास धरू. तासाचा दर निघाला ७२० रुपये.

सहा-सात पानांची साधी साइट, फोटो जमवणं, मजकूर नीट करणं, मोबाइलवर तपासणं, चौकशीचा फॉर्म, एवढं सगळं धरून चाळीस तास कुठे जात नाहीत. म्हणजे २८,८०० रुपये, डोमेन-होस्टिंग वेगळं. कॅनॉटच्या त्या पाच हजारांतून डोमेन-होस्टिंगचे तीनेक हजार गेले तर हातात उरतात दोन. त्याने खरोखर चाळीस तास घातले, तर तासाला पन्नास रुपये पडले. अर्थात तो चाळीस तास घालतच नसणार. तयार साच्यात नाव आणि फोन नंबर बदलून देत असेल, आणि त्या कामाला पाच हजार हा भाव वाईट नाही. ते काम वेगळं, हे पार्टीला शांतपणे सांगता आलं पाहिजे. त्याच्याशी भावाची कुस्ती खेळायची गरज नाही.

पण हा ७२० चा आकडा पार्टीला सांगायचा नाही. वाळूजमध्येही अवर रेट खासगीच असतो. कोटेशन नगाचं जातं. तासाने पैसे घेतले तर हुशार माणसाचं नुकसान, कारण तो लवकर काम संपवतो. आता तर एआयची साधनं हाताशी आहेत, पूर्वी दिवस लागायचा तो कोड तासात निघतो. ज्याने आपली किंमत तासात बांधली, त्याचं बिल साधनं सुधारतील तसं घटत जाईल. जुन्या लेथवरून सीएनसीवर गेलेल्या कुठल्या शेडमालकाने सायकल टाइम कमी झाला म्हणून आपण होऊन नगाचा दर उतरवला? पार्टीने गळा धरला तेव्हा उतरवला. तोवरची कमाई त्याची.

“वर्डप्रेस तर फुकट असतं ना?” हा प्रश्न हमखास येतो. असतं, २००३ पासून फुकटच आहे. याचं उत्तर शेडमालकाला त्याच्याच भाषेत द्यावं. जॉबवर्कमध्ये लोखंड कुणाचं असतं? पार्टीचं. तरी तुम्ही मजुरीचं बिल करताच ना? मग वर्डप्रेस हे आमचं लोखंड.

दुसरी गोष्ट रिव्हिजनची. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर खाली कोपऱ्यात रिव्हिजन नंबर असतो. ड्रॉइंग बदललं की नंबर बदलतो आणि दराची बोलणी परत होतात. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. वेबसाइटमध्ये मात्र रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर “एक छोटासा चेंज” येतो, आणि तो तिसऱ्यांदा बदललेला मुख्य रंग असतो. कोटेशनमध्येच लिहावं: पानं इतकी, बदलांच्या फेऱ्या दोन, मजकूर आणि फोटो पार्टी अमुक तारखेपर्यंत देणार. त्यापुढे प्रत्येक फेरीचा दर इतका. मटेरियल वेळेवर आलं नाही की शेडमालकही सेटिंग मोडून दुसरं काम लावतो. त्याला हे पटतं.

साइट सांभाळायच्या कराराचा घोळ त्याहून जुना आहे. ‘वर्षाचे पाच हजार घ्या आणि बघत जा’ ही आपली बलुतेदारीच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’मध्ये ही व्यवस्था तपशिलात मांडली आहे. सुतार-लोहाराने वर्षभर कुणब्याची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. त्यात काम मोजलं जात नसे. पण बलुतेदाराला पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं. आजच्या पार्टीला पुढच्या वर्षी दुसरा सापडतो. म्हणून वर्षाचा करार करावा, पण महिन्याला तास ठरवून. दोन तास म्हणजे दोन तास. बॅकअप, अपडेट, किरकोळ मजकूर त्यात बसतं. नवीन पान बसत नाही.

भाव ठरला तरी पैसे हातात पडेपर्यंत तो कागदावरच असतो. सुरुवातीला निम्मे, डिझाइन पसंत पडल्यावर पाव, आणि साइट पार्टीच्या नावावर चढवण्याआधी उरलेले, ही रीत मला सगळ्यांत सुटसुटीत वाटते. तरीही उधारी होतेच. फार थोड्या फ्रीलान्सरना माहीत असतं की उद्यम नोंदणी त्यांनाही करता येते, ती फुकट आहे आणि ऑनलाइन होते. मग २००६ चा एमएसएमई कायदा लागू पडतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्यात आणखी धार आणली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा होत नाही. शेडमालकाला हे नियम पाठ असतात, कारण मोठ्या कंपन्यांकडून नव्वद नव्वद दिवस पैसे न आल्याचा जाच त्याने सोसलेला असतो. तोच माणूस वेबसाइटवाल्या पोराला “मार्च एन्डिंग होऊ द्या” म्हणतो, तेव्हा बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणं कामाला येतं. कोर्टात जायची वेळ क्वचितच येते. आकडा दिसला की सीएच सांगतो, यांचे देऊन टाका.

कराची भीती मात्र उगाच बाळगली जाते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. माहिती तंत्रज्ञानातल्या व्यावसायिकाला गृहीत उत्पन्नाची सोयही आहे: ५० लाखांपर्यंतच्या जमेतले निम्मे उत्पन्न धरायचे, वह्यांचा पसारा नको. आपल्या ७,२०,००० वाल्या पोराचं करपात्र उत्पन्न ३,६०,००० होतं. घाबरावं असं त्यात काही नाही.

आतापर्यंतचं सगळं तळाच्या दराचं झालं. वरचा दर तासांनी ठरत नाही. तीच चाळीस तासांची साइट. वाळूजच्या निर्यातदाराला तिच्यावरून जर्मनीची एक चौकशी आली आणि वर्षाची ऑर्डर लागली, तर ७५ हजारही त्याला स्वस्त. पैठणगेटच्या चपलांच्या दुकानाला ती तीस हजारांतही महाग, कारण त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून चालत येतं. म्हणून दर सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा: साहेब, साइटवरून तुम्हाला नेमकं काय यायला हवंय? उत्तर “सगळ्यांची आहे म्हणून” असेल तर तळाचा दर सांगावा आणि आगाऊ घ्यावा. उत्तर ठोस असेल तर दुप्पट सांगताना जीभ अडखळू देऊ नये. परदेशी कामाच्या बाजारात फायव्हरसारखी साइट कमाईतले २० टक्के कापून घेते, तरी पोरं तिकडे वळतात. डॉलरचं आकर्षण आहेच, पण तिथं दर आधीच पाटीवर लिहिलेला असतो आणि “फायनल किती” असं विचारायला समोर कुणी बसलेलं नसतं, हेही एक कारण असावं.

चपलांच्या दुकानदाराला मात्र साइट करूच नका म्हणावं. गूगलच्या नकाशावर दुकान, वेळ आणि चार चांगले फोटो टाकून द्यावेत. तिथं नोंदणीला काही पडत नाही, काम दोन तासांचं आहे. त्याचे १,४४० रुपये घ्यावेत.